आयएसओ, सीएसआर, ऑडिट: डिंडोलीकरांनी कुणाला काय विचारायचे?

सुरतेतल्या डिंडोली, उधना, लिंबायत, पांडेसरा या पट्ट्यातल्या मराठी वाचकांचे काही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. "मिलच्या दारावर आयएसओचा बोर्ड आहे, मग आमचा पीएफ का भरला जात नाही?" "पार्टी म्हणते सर्टिफिकेट आणा, एजंट म्हणतो आठवड्यात देतो. घ्यावे का?" "हजीऱ्याच्या मोठ्या कंपन्यांकडे सीएसआरचा पैसा असतो. आमच्या मंडळाला तो कसा मिळेल?"

जळगाव, धुळे, नंदुरबारहून येऊन इथे स्थिरावलेल्या घरांत कुणी डाईंग-प्रिंटिंग मिलमध्ये कामाला आहे, कुणी चार मशिनांवर एम्ब्रॉयडरीचे जॉबवर्क करते, कुणी सोसायटीचे मंडळ सांभाळते. प्रश्न तीन असले तरी गोंधळाचे मूळ एकच आहे. कायदा, मानक आणि सीएसआर या तीन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो आणि मग चुकीच्या दारात जाऊन चुकीचा कागद मागतो. म्हणून आधी हे गाठोडे सोडवू.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करा

- कायदा: किमान वेतन, पीएफ, ईएसआय, सुरक्षा, प्रदूषण मंडळाची संमती. हे सर्व बंधनकारक आहे. मालकाकडे एकही सर्टिफिकेट नसले तरी तुमचा हक्क कमी होत नाही, आणि दहा असली तरी त्याची जबाबदारी सुटत नाही.
- मानक: आयएसओ ९००१, आयएसओ १४००१, एसए ८००० वगैरे. ही कारखाना आपल्या इच्छेने किंवा ग्राहकाच्या अटीमुळे स्वीकारतो. कारखाना ठरलेल्या पद्धतीने चालतो का, एवढे बाहेरची संस्था तपासते.
- सीएसआर: कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी समाजासाठी करायचा खर्च. कामगाराचा पगार, बोनस किंवा सेफ्टी शूज त्यात येत नाहीत. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचे काम सीएसआरमध्ये धरताच येत नाही.

पीएफसाठी आयएसओवाल्यांकडे आधी जाऊ नका, पीएफ कार्यालयात जा. मिलच्या धुरासाठी सीएसआर समितीला पत्र लिहू नका, प्रदूषण मंडळाला लिहा. योग्य दार सापडले की निम्मे काम होते.

कोणते मानक कशाबद्दल बोलते?

- आयएसओ ९००१: गुणवत्तेची व्यवस्था. माल ग्राहकाच्या अपेक्षेप्रमाणे निघावा म्हणून कामाची शिस्त. पगाराशी याचा संबंध नाही.
- आयएसओ १४००१: पर्यावरणाची व्यवस्था. पाणी, धूर, कचरा यांचे परिणाम ओळखणे, लागू कायद्यांचे पालन तपासणे, सुधारणा करत राहणे. सांडपाण्यात कोणता घटक किती चालेल याचा आकडा हे मानक देत नाही. तो प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात असतो.
- आयएसओ ४५००१: कामाच्या जागी आरोग्य आणि सुरक्षा. २०१८ साली आलेल्या या मानकाने जुन्या ओएचएसएएस १८००१ ची जागा घेतली. कामगारांशी सल्लामसलत करणे, अपघात किंवा धोका कळवणाऱ्याला त्रास होऊ न देणे आणि जीवावरचा धोका दिसल्यास कामावरून बाजूला होता येते हे कामगाराला सांगणे, या गोष्टी त्यात स्पष्ट आहेत.
- एसए ८०००: कामगारांच्या हक्कांचे मानक. बालमजुरी, सक्तीचे काम, भेदभाव, कामाचे तास, वेतन, संघटनेचे स्वातंत्र्य हे त्याचे विषय. हे आयएसओचे नाही. सोशल अकाउंटॅबिलिटी इंटरनॅशनल या अमेरिकेतल्या संस्थेने ते १९९७ साली आणले.
- आयएसओ २६०००: सामाजिक जबाबदारीबद्दल २०१० साली आलेली मार्गदर्शक सूत्रे. याचे सर्टिफिकेट नसतेच. "आयएसओ २६००० सर्टिफाइड" असा बोर्ड दिसला किंवा कुणी ते विकायला आला, तर तिथेच थांबा.
- ओएको-टेक्स स्टँडर्ड १००: कापडात अपायकारक रसायने आहेत का, याची तपासणी. ते कापड रंगवणाऱ्या कामगाराच्या हातमोज्यांबद्दल हे लेबल काहीच सांगत नाही.
- जीआरएस: पुनर्वापरातल्या कच्च्या मालाचे मानक. सुरतेत पॉलिस्टरचे काम मोठे, म्हणून रिसायकल्ड पॉलिस्टर घेणाऱ्या पार्ट्या हे मागतात. ग्राहकाला दिसणारे लेबल लावायचे तर मालात किमान ५० टक्के पुनर्वापरातला घटक लागतो.

सर्टिफिकेट असूनही काय घडू शकते

पाकिस्तानात कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात ११ सप्टेंबर २०१२ रोजी आग लागली. २५० हून अधिक कामगार मेले. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या, खिडक्यांना गज होते. त्याच्या काही आठवडे आधीच या कारखान्याला एसए ८००० प्रमाणपत्र मिळाले होते.

यावरून सगळी प्रमाणपत्रे खोटी असा निष्कर्ष काढू नका. प्रामाणिकपणे राबवलेल्या व्यवस्थेने अपघात कमी होतात आणि पाणी वाचते. पण ऑडिटवाला वर्षातून एखाद-दोन दिवस येतो, तुम्ही रोज तिथे असता. आपत्कालीन दरवाजा आत्ता उघडतो का, त्याच्यासमोर तागे रचलेत का, हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असते. ती माहिती योग्य ठिकाणी पोहोचवणे हा तुमचा हक्क आहे.

सर्टिफिकेट खरे आहे का? पाच तपासण्या

1. कुणी दिले ते पाहा. जिनिव्हातली आयएसओ संघटना मानके लिहिते, प्रमाणपत्रे देत नाही. ती स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात. "थेट आयएसओकडून" म्हणणारा फसवतो आहे.
2. मान्यता पाहा. प्रमाणन संस्थेलाही वरून मान्यता लागते. भारतात आयएसओ प्रमाणपत्रांसाठी ती क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे एनएबीसीबी हे मंडळ देते. प्रमाणपत्रावर एनएबीसीबी किंवा तशाच आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या मंडळाचे चिन्ह शोधा.
3. पत्ता वाचा. प्रमाणपत्र रिंग रोडवरच्या ऑफिसचे असेल, तर पांडेसऱ्यातली मिल त्यात येत नाही. ज्या जागेचा पत्ता छापला आहे तेवढीच जागा तपासलेली असते.
4. कामाची व्याप्ती वाचा. "कापडाचा व्यापार" लिहिले असेल तर डाईंगचे काम तपासलेले नाही.
5. तारीख पाहा, नोंद शोधा. आयएसओ प्रमाणपत्र साधारण तीन वर्षांचे असते आणि मधल्या काळात दरवर्षी पाहणी होते. आयएएफ सर्टसर्च या संकेतस्थळावर कंपनीचे नाव टाकून नोंद शोधता येते. तिथे नाव नसेल तर प्रमाणन संस्थेला ईमेलने विचारा.

तुम्ही कामगार असाल तर

आधी कायद्याचे कागद जमवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. तुमच्याकडे हे असायला हवे:

- नेमणूकपत्र आणि दर महिन्याची पगार स्लिप;
- पीएफचा यूएएन क्रमांक (२० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत). उमंग अॅपवर पासबुक उघडून पैसे खरोखर जमा होतात का ते दर महिन्याला पाहा;
- ईएसआयचा विमा क्रमांक (१० किंवा अधिक कामगार आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असल्यास). पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो;
- हाजिरी कार्डाचा फोटो. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त काम झाले तर त्याचा मोबदला दुप्पट दराने मिळायला हवा.

ठेकेदाराकडून लागला असाल तरी घाबरू नका. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. म्हणून कोणत्या मिलमध्ये, कोणत्या खात्यात, कोणत्या तारखांना काम केले याची नोंद स्वतःकडे ठेवा.

तक्रार करायची असेल तर या क्रमाने जा:

1. कारखान्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २० किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असली पाहिजे आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी हवेत.
2. उत्तर आले नाही तर विषयानुसार सरकारी कार्यालय गाठा. पगारासाठी श्रम आयुक्त कार्यालय, पीएफसाठी ईपीएफओ, दवाखाना आणि विम्यासाठी ईएसआयसी, सुरक्षेसाठी गुजरातचे औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालय.
3. कारखान्याकडे मान्यताप्राप्त आयएसओ किंवा एसए ८००० प्रमाणपत्र असेल, तर प्रमाणन संस्थेलाही तक्रार पाठवा. अशी तक्रार घेऊन तपासण्याची पद्धत ठेवणे त्या संस्थेला बंधनकारक आहे. हा सरकारी तक्रारीला पर्याय नाही, जोड आहे.
4. माल एखाद्या मोठ्या ब्रँडला जात असेल तर त्या ब्रँडची तक्रार नोंदवण्याची सोय शोधा. ती बहुधा कारखान्याच्या भिंतीवरच्या आचारसंहितेखाली छापलेली असते.

बहिणींनो, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याप्रमाणे १० किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्या. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

ऑडिटच्या दिवशी काय बोलायचे?

ऑडिटर कामगारांशी बोलतो. काय सांगायचे ते आधी पढवले जाते, असे अनेक जण कळवतात. खरे बोलायचे की नोकरी सांभाळायची, ही कोंडी मोठी आहे आणि तुमच्या घरची परिस्थिती तुम्हीच जाणता. तरीही इतके करता येते:

- "एकट्यात बोलू का?" असे विचारा. एसए ८००० सारख्या तपासण्यांत कामगाराशी सुपरवायझरच्या मागे बोलणे हा तपासणीचाच भाग असतो.
- ऑडिटरचे किंवा त्याच्या संस्थेचे कार्ड मागून घ्या. नंतर बोलणे सोपे जाते.
- तोंडी तक्रारीपेक्षा पगार स्लिप, हाजिरी कार्ड, फोटो दाखवा. कागद पाहिला की ऑडिटरला नोंद घ्यावीच लागते.
- शक्य असेल तर दोघे-तिघे मिळून बोला. एकाचे नाव पुढे येत नाही.

तुमचे छोटे युनिट असेल तर

सर्टिफिकेट घेण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: ते नेमके कोण मागते आहे? उत्तरावर निर्णय ठरतो.

- कुणीच मागत नाही, माल इथल्याच मार्केटमध्ये जातो: आयएसओची घाई नको. आधी उद्यम नोंदणी, जीएसटी, कामगारांची नोंदणी आणि विजेच्या वायरिंगची तपासणी पूर्ण करा. मग केंद्र सरकारच्या झेड योजनेचे ब्राँझ प्रमाणपत्र पाहा. २०२२ साली नव्याने सुरू झालेल्या या योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे तीन टप्पे आहेत. शुल्कात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० आणि मध्यम उद्योगाला ५० टक्के अनुदान ठेवलेले आहे. अर्ज करताना चालू दर पाहून घ्या.
- मोठी देशी कंपनी मागते: सेबीच्या नियमाने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १,००० कंपन्यांना बीआरएसआर नावाचा जबाबदार व्यवसायाचा अहवाल द्यावा लागतो. म्हणून त्या पुरवठादारांनाही प्रश्नावली पाठवतात. बहुतेक वेळा वीज, पाणी, अपघात, वेतन यांचे खरे आकडे पुरतात. पार्टीला लेखी विचारा, "प्रमाणपत्र हवे की माहिती?"
- परदेशी ब्रँड मागतो: कोणते मानक, कोणती आवृत्ती, कोणत्या संस्थांचे प्रमाणपत्र चालेल, हे ईमेलवर घ्या. कित्येकदा त्यांना स्मेटा पद्धतीचे ऑडिट हवे असते. स्मेटा म्हणजे तपासणीचा अहवाल, भिंतीवर टांगायचे सर्टिफिकेट त्यात मिळत नाही.
- डाईंग, प्रिंटिंग, वॉशिंगचे काम आहे: गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आधी, आयएसओ १४००१ नंतर. संमती नसताना १४००१ घेणे म्हणजे पाया नसताना मजला चढवणे.

मार्ग निवडलात की पुढची वाट ठरलेली आहे: आजच्या कामाची तपासणी, उणिवांची यादी, दुरुस्ती, नोंदी ठेवणे, अंतर्गत ऑडिट, मग प्रमाणन संस्थेचे दोन टप्प्यांतले ऑडिट. प्रामाणिकपणे केले तर काही महिने लागतात. तुमचा सल्लागार आणि प्रमाणपत्र देणारी संस्था एकच असू नये. आंतरराष्ट्रीय नियमांत प्रमाणन संस्थेला सल्लागाराचे काम करायला मनाई आहे. "सल्ला आमचा, सर्टिफिकेटही आमचेच" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

कोटेशन घेताना फक्त पहिल्या वर्षाची रक्कम पाहू नका. दर वर्षाच्या पाहणीची फी, ऑडिटरचा प्रवासखर्च आणि तीन वर्षांनंतरच्या नूतनीकरणाचा खर्च लेखी मागा.

मंडळ, शाळा किंवा संस्था चालवत असाल तर

मागच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीने निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठली असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करायची असते. नियम कंपन्यांना आहे. भागीदारीतल्या मिलला तो लागू नाही, प्रायव्हेट लिमिटेडला मात्र आहे. म्हणजे हजीऱ्याचे मोठे प्रकल्पच नव्हे, सुरतेतल्या चांगला नफा कमावणाऱ्या कापड कंपन्याही यात येऊ शकतात. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच सांगतो. अर्जात ही ओळ जरूर लिहा.

अर्जापूर्वी हे तयार ठेवा:

1. ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून नोंदणी. सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात होते.
2. पॅन, आयकराच्या १२ए आणि ८०जी नोंदण्या.
3. तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, ऑडिट झालेल्या हिशेबांसह.
4. कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला नोंदणी क्रमांक. १ एप्रिल २०२१ पासून तो लागतो.
5. दोन पानांचा प्रस्ताव: गरज काय, किती जणांना फायदा, खर्च किती, काम झाल्याचे कसे दिसेल.

नोंदणी नसेल तर? दोन वाटा आहेत. एक, नोंदणी असलेल्या संस्थेबरोबर काम करा. दोन, कंपनीला ते काम स्वतः करण्याची विनंती करा. उदाहरणार्थ, महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेला वाचनालय हवे असेल, तर शाळेच्या आणि शिक्षण समितीच्या संमतीने कंपनी थेट खर्च करू शकते. मंडळाच्या खात्यात पैसा येत नाही, पण मुलांना पुस्तके मिळतात.

काय मागू नये: गणेशोत्सवाचा मांडव, बक्षीस समारंभ, एका दिवसाची मॅरेथॉन, कंपनीच्या जाहिरातीसाठीचे प्रायोजकत्व, राजकीय पक्षाचा कार्यक्रम. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, स्वच्छता, कौशल्य प्रशिक्षण, स्त्रियांचे सक्षमीकरण हे विषय कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेत. प्रस्ताव त्यांतल्या एकाशी जोडा.

कोणत्या कंपनीने कुठे किती खर्च केला, हे राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर दिसते. मंजूर प्रकल्प कंपनीच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात. आधी ते वाचा. शिक्षणावर खर्च करणाऱ्या कंपनीकडे दवाखान्याचा प्रस्ताव नेण्यात वेळ जातो.

रहिवासी म्हणून: धूर, पाणी आणि खाडी

६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात बेकायदा सोडलेल्या रसायनाच्या वायूने जवळच्या मिलमधल्या सहा कामगारांचा जीव घेतला. रात्री टँकर नाल्याजवळ उभा दिसणे ही किरकोळ बाब समजू नका.

याच शहरात चांगली कामेही झाली आहेत. सांडपाणी पुन्हा शुद्ध करून पांडेसऱ्याच्या उद्योगांना देणारे महापालिकेचे बमरोलीचे केंद्र २०१४ साली सुरू झाले. त्याची क्षमता दिवसाला ४ कोटी लिटर. पुढे डिंडोलीतही असे केंद्र उभे राहिले. २०१९ साली प्रदूषण मंडळाने सुरतेत धुरातल्या कणांसाठी उत्सर्जन व्यापार योजना सुरू केली. कणांसाठीची ती जगातली पहिलीच. त्यात सहभागी मिलच्या चिमणीवर सतत मोजणी करणारे यंत्र असते. म्हणून तक्रार करताना तारीख, नेमकी वेळ, चिमणीची जागा लिहा आणि फोटो जोडा. त्या वेळेची नोंद मंडळाला पडताळता येते.

तक्रार प्रदूषण मंडळाच्या सुरतच्या प्रादेशिक कार्यालयात द्या. कारवाई कळली नाही तर माहिती अधिकारात तीन गोष्टी मागा: त्या युनिटचे संमतीपत्र, शेवटच्या तपासणीचा अहवाल, तुमच्या अर्जावरची कार्यवाही.

इथे फसू नका

- "आयएसओ सर्टिफाइड" एवढेच लिहिलेले असेल तर कोणते मानक ते विचारा. क्रमांक नसलेला दावा पोकळ असतो.
- सीएसआर मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाला दूर ठेवा. प्रस्ताव थेट कंपनीकडे जातो.
- ऑडिटसाठी जुन्या तारखांची हाजिरी वही नव्याने लिहून घेत असतील तर सही करू नका. पुढे तीच वही तुमच्याविरुद्ध पुरावा ठरते.
- कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर सही कधीच नको.

या आठवड्यात करायचे काम

कामगार असाल तर उमंग अॅपवर पीएफ पासबुक उघडा आणि मागचे सहा महिने तपासा. युनिट चालवत असाल तर पार्टीकडून त्यांची मागणी ईमेलवर लेखी घ्या. त्याआधी कुठल्याही एजंटला पैसे देऊ नका. संस्था चालवत असाल तर १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ यांपैकी काय नाही ते पाहा आणि सीएशी बोला. यात कुणाच्या मेहरबानीचा प्रश्न नाही. कायद्याने दिलेले मागायचे आहे, आणि दारावरच्या बोर्डाने दिलेला शब्द पाळला जातो का ते विचारायचे आहे. दोन्ही तुमच्या अधिकारात आहे.